सुतारगल्लीची फुंकर

मित्रांनो, मी एक जुनी, श्वास मोजणारी नळी आहे. हातभरही लांब नाही, पण माझ्यापुढे भलेभले धापा टाकतात. कागदाची पुंगळी लावून जोरात फुंकर मारली की माझ्या अंगावरचा लाल काटा पुढे सरकतो आणि छातीत किती दम आहे, ते मी तोंडावर सांगते. भीडभाड मला ठाऊक नाही.

कारखान्यातून मी इस्पितळात आले आणि तिथून एका सुतारगल्लीत. तिथे दिवसभर करवती चालत, भुसा उडे आणि सगळे खोकत. खोकल्याचे एक नवे औषध इस्पितळातल्या डॉक्टरबाईंना तपासून पाहायचे होते. काहींना ते द्यायचे, काहींना नाही, आणि श्वास सगळ्यांचा मोजायचा. पण गल्ली दाद देईना. "आमच्यावर कसले प्रयोग करता?" म्हणत दारे लागली.

मग गल्लीने आपल्या वतीने बोलायला पॉलिशवाल्या मावशींना इस्पितळाच्या बैठकीत पाठवले. मावशींनी एकच अट घातली. "निकाल काही लागू दे, तो आमच्यात येऊन सांगायचा. फुंकर आमची आहे." डॉक्टरबाई कबूल झाल्या. मावशींनी घरोघर जाऊन तसा शब्द दिला आणि मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवले.

काय मान होता तेव्हा माझा! सुतार रांगेत उभे राहून चहाच्या पैजा लावत. मावशींचे धाकटे दीर खुर्च्या करत. त्यांना औषध मिळाले होते आणि ते एकही वेळ चुकवत नसत. पण त्यांचा काटा काही पुढे सरकेना.

औषध संपले आणि डॉक्टरबाई गेल्या त्या गेल्याच. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज सरल्यावर वैद्यच गायब झाला. मी कपाटात पडून राहिले. "मावशी, तुमच्या डॉक्टरबाई हरवल्या वाटतं," असे टोमणे रोज ऐकू येत. मावशी हसण्यावारी नेत, पण मागच्या बोळातून ये-जा करू लागल्या. मला फार वाईट वाटे.

शेवटी एक दिवस त्यांनी मला पिशवीत घातले आणि थेट इस्पितळ गाठले. डॉक्टरबाईंनी मान खाली घातली.

"काय सांगू मावशी? औषधाचा काही उपयोगच झाला नाही. रिकाम्या हातानं कशी येऊ?"

"मग तेच सांगा. मी शेजारी उभी राहते."

त्या आल्या. गल्लीतल्या भरल्या कारखान्यात, चाचरत, सगळे सांगितले. औषध घेणाऱ्यांचा श्वास न घेणाऱ्यांइतकाच राहिला होता. मग दीर हळूच म्हणाले, "म्हणजे चूक माझी नव्हती?"

"नाही हो. औषधच कुचकामी होतं."

ते अर्ध्या झालेल्या खुर्चीवर बसले. "मला वाटायचं, माझंच घेण्यात काहीतरी चुकलं. वहिनींनी एवढा शब्द दिला आणि मी त्यांचं नाव घालवलं. त्यांच्यासमोर यायचीही लाज वाटायची."

"वेडे आहात भाऊजी," मावशी म्हणाल्या. त्यांनी हातातल्या पॉलिशच्या फडक्यानेच डोळे पुसले, त्यामुळे डोळ्यांना आणखीच पाणी आले.

मित्रांनो, आता माझा काटा अडकतो आणि मला कोणी विचारत नाही. त्याचे मला दुःख नाही. पण तुम्ही मोठे होऊन लोकांचे दुखणे-खुपणे तपासाल, तेव्हा काय कळले ते त्यांना परत येऊन सांगा. उत्तर 'नाही' असले तरी या. तुम्ही येईपर्यंत कोणीतरी ते स्वतःचीच चूक समजून बसलेले असते.