तंबूबाहेरची वीतभर पट्टी

दुपारपासून ऋजुताने तंबूभोवतीचा चर तीनदा खोल केला होता. तरीही आतली जमीन ओलावतच चालली होती. मांडूच्या त्या उतारावर पावसाला ना आरंभ उरला होता, ना शेवट. तिचे मनही तसेच, कुठेच न टेकणारे.

धारच्या शाळेत लागून तिला वर्षही झाले नव्हते. नव्याण्णवच्या श्रावणात चार मुलींना तंबूत मुक्कामी आणण्याची कल्पना तिचीच. तिघींचे पालक सहज तयार झाले. चौथीचे, किमयाचे वडील शिवाजीराव मात्र फाटकाशी उभे राहून म्हणाले होते, "मॅडम, दुसऱ्या दिवशी पाचला मी येऊन बघणार. अंथरूण ओलं दिसलं तर पोरगी परत. पुन्हा कुठं पाठवण्याचा विषयच नाही." तोवर चौदा वर्षांत किमया घराबाहेर एक रात्रही राहिली नव्हती.

आज तोच दुसरा दिवस, आणि आता साडेचार झाले होते. बाकीच्या तिघी शाळेतून सोबत आलेल्या सरलाताईंबरोबर भुट्टे खायला गेल्या होत्या. ऋजुता छताची शिवण न् शिवण चाचपत होती.

"मॅडम, ऊपर मत देखो," किमया गुडघ्यांवर बसून म्हणाली. "पाणी दारातून येतंय. माझी गादी बघा."

"दाराशी चर आहे ना."

"चर लांब आहे. पाणी त्याच्या अलीकडेच पडतंय."

ऋजुता वाकली. जमिनीवर अंथरलेले प्लास्टिक तिनेच दाराबाहेर वीतभर सोडले होते, चपला काढायला. बाहेरचा चिखल घरात आणायचा नाही, हे तिच्या हाडांत मुरले होते. तंबूलाही तिने नकळत उंबरा दिला होता. कनातीवरून ओघळणारे पाणी त्या पट्टीवर साचत होते आणि प्लास्टिकवरूनच शांतपणे गादीखाली शिरत होते.

दोघींनी चपला उचलल्या, पट्टी आत ओढून तिची कड उभी दुमडली, पाणी पुसून काढले.

"कोरडी गादी वर टाकू?" किमया पुटपुटली. "बाबांना काय कळतंय."

ऋजुताने दुसऱ्या गादीचे टोक धरलेही. मग बाहेर जीप थांबली, आणि तिने ते सोडून दिले.

शिवाजीरावांनी वाकून गादी दाबली. बोटांतून पाणी निघाले.

"माझी चूक," ऋजुता म्हणाली आणि पट्टीचे सारे सांगितले.

"चपलांसाठी?" त्यांनी तिच्याकडे पाहिले. "आमच्या मातोश्री आल्या असत्या तर पायपुसणंही मागितलं असतं."

किमयाला हसू आले, त्यांना नाही. "सामान भर."

"बाबा, आता नाही येत पाणी. बसून बघा ना."

ते घड्याळ पाहत राहिले. "अर्धा तास. एक थेंब आला, तर निघायचं."

तिघे दाराशी बसले. पाऊस अचानक जोर धरून कोसळला. कनात थरथरली, बाहेरचा चर भरून वाहू लागला. ऋजुताला वाटले, इतका वेळ तिने कधी कशाकडे पाहिलेच नव्हते. एका दुमडलेल्या कडेकडे, श्वास रोखून, जणू आपलेच काही आत शिरू पाहते आहे. अर्धा तास सरला; कडेच्या आत थेंबही आला नाही.

शेवटी शिवाजीराव उठले. ओली गादी गुंडाळून त्यांनी काखेत मारली आणि जीपमधले घोंगडे किमयाच्या अंगावर टाकले.

"जे ओलं ते मी नेतो," ते म्हणाले. "ही राहू दे."

जीपचा आवाज उतारावर विरला. किमया घोंगड्यात हसत होती. ऋजुताला मात्र हसता येईना; तिचे डोळे अजून कडेवरून हलत नव्हते.