बारा माणसं, चौदा दिवस

नकार आला तो सोमवारी सकाळी. प्रेमिलाची अंघोळ झाली होती, देवापुढे दिवा लागला होता, एकशे आठ वेळा नाव घेऊन झालं होतं. एवढं झाल्याशिवाय ती लॅपटॉपला हात लावत नसे. मग तिनं चहाचा कप बाजूला ठेवून झाकण उघडलं आणि पत्र समोरच दिसलं. इंग्रजीत चार ओळी. आपल्या ॲपची चाचणी खऱ्या आणि वेगवेगळ्या माणसांनी केल्याचं आढळून येत नाही. अर्ज नामंजूर. असा प्रकार पुन्हा आढळल्यास आपलं खातं कायमचं बंद करण्यात येईल. खाली ना कोणाचं नाव, ना सही, ना फोन नंबर.

'खऱ्या माणसांनी' या दोन शब्दांपाशी ती अडून बसली. रुखमाबाई खरी नाही? थंडी पडली की जिची हाडं आतून कुणी पिळल्यासारखी दुखतात आणि तरी जी धान कापायला जाते, ती खोटी? आणि आचल?

आचल म्हणजे प्रेमिलाची नणंद. बावीस वर्षांची, तोंडानं फटकळ, अंगानं काडी. तिला सिकल होता. सिकलसेल हे पूर्ण नाव दवाखान्याच्या कागदावर. गावात नुसतं सिकल म्हणतात. रक्ताचा आजार, जन्मासोबत आलेला. रोजची गोळी चुकली, पाणी कमी पडलं, गारठा लागला की दुखणं उठतं, आणि उठलं की दवाखाना. मार्कंड्याच्या देवळाच्या अलीकडच्या त्या चार-पाच गावांत असे पुष्कळ होते. गडचिरोलीला बीसीए करून, दोन वर्षं नागपुरात नोकरी करून प्रेमिला या घरात सून म्हणून आली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिनं आचलला खाटेवर तळमळताना पाहिलं. त्यातून तिचं ॲप निघालं. नाव ठेवलं 'नेम'. सकाळी गोळीची आठवण, दिवसभर पाण्याची, आणि दुखणं उठलं तर फोन लावायचं बटण. सगळं गावातल्याच झाडीच्या बोलीत.

गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या संघप्रिया सिस्टरनं ते पाहिलं आणि म्हणाली, "प्रेमिला, हे तर मले प्रत्येक पेशंटच्या फोनात पाहिजे."

पण ॲप सरळ फोनवर पाठवलं की पडद्यावर लाल पट्टी यायची : हे धोकादायक असू शकतं. ती बघून एकीच्या नवऱ्यानं सगळा फोनच पुसून काढला होता. त्यामुळे ॲपच्या मोठ्या बाजारातून आल्याशिवाय सिस्टर कोणाला सांगू शकत नव्हती. आणि त्या बाजाराचा नियम असा, की एकट्या नव्या माणसानं ॲप आणलं तर आधी बारा जणांनी ते चौदा दिवस सलग वापरून दाखवायचं. नोंदणीकृत कंपनी असेल तर ही अट नाही. तिला दार उघडंच.

प्रेमिलानं गावातली बारा माणसं जमवली होती, रुखमाबाई आणि आचल त्यातल्याच. चौदा दिवस झाले होते. मग चुकलं कुठे?

दुपारच्या बसनं ती चामोर्शीला गेली, प्रवीणच्या मोबाईलच्या दुकानात. बारा जणांचे ई-मेल पत्ते तिनं त्याच्याकडूनच लिहून घेतले होते, कारण गावातला जवळजवळ प्रत्येक फोन त्याच्याच दुकानातला. पत्र ऐकून प्रवीण हसलाच.

"वयनी, तुमच्या बारा नावांत आयडी किती निघत होते, सांगू? तीन!"

"तीन? बारा फोनांत?"

"हो ना. फोन चालू करतानी ई-मेल मागते. गावच्या बाईजवळ ई-मेल कुठून येईन? म्या आपला माझा, नाईतर घरच्या कोणाचा टाकून देतो. मले वाटलं, तुमाले बारा पाहिजे, तर दिले बनवून नऊ. इथीच, काउंटरवर. एका दुपारी."

"एकाच नंबरावर?"

"मंग? माझ्याच."

प्रेमिलाच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. खातं एक असलं की एकाचे नंबर आणि फोटो सगळ्यांच्या फोनात उतरतात. रुखमाबाईच्या फोनात प्रवीणच्या सासऱ्याचा नंबर का, सरपंचाच्या बकरीचा फोटो आचलच्या फोनात कसा आला, हे गावात कोणी कधी विचारलंच नव्हतं. प्रवीणचा फोन घेतला की असं होतं, एवढंच सगळे धरून चालत. तीही धरून चालली होती. सॉफ्टवेअर शिकलेली बाई, आणि एकदाही तो फोन उलटून पाहिला नाही. बाजारवाल्याला दिसलं ते काय, तर एका माणसानं एका दुपारी काढलेली नऊ खाती.

"तोंड काऊन पाडता?" प्रवीण म्हणाला. "आता तर सोपं झालं. ऑनलाइन भेटते ना माणसं विकत! बारा काय, वीस घ्या. चौदा दिवस ॲप उघडते, बंद करते, सर्टिफिकेटवानी फोटो देते. सगळे हेच करून राह्यले. आन् खातं नवीन काढा, श्रीहरीभाऊच्या नावानं."

श्रीहरी म्हणजे प्रेमिलाचा नवरा. तलावाच्या मच्छीमार सोसायटीत होता. त्याला खात्याचं काही कळलं नसतं, पण बायकोनं म्हटलं असतं तर अंगठाही दिला असता.

"ते चालते?" तिनं हळूच विचारलं.

"धावते, वयनी!"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून राहिली. मनात पाप आलंच नाही असं नाही. चौदा दिवस कोणाच्या दारात जायचं नाही, कोणाची मनधरणी नाही. घरी आल्यावर आचलनंही तेच म्हटलं.

"घे ना विकत. सगळे घेते. तूच काऊन साधू बनून राह्यली?"

"माझ्याजवळ खरी बारा माणसं असताना खोटी विकत आणू?" प्रेमिला म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आचलनं हातातली भाजी निवडायची थांबवली. "ते म्हणतात तुम्ही नाहीच. मी दुसरीकडची बारा नावं आणली तर त्यांचं म्हणणं मीच खरं केलं."

दुसऱ्या दिवशी दिवा-जप आटोपून ती समाजमंदिरात चटई टाकून बसली. बाराही जणांना बोलावलं. प्रत्येकीचं खातं प्रत्येकीच्या नंबरावर, प्रत्येकीच्या बोटानं काढायचं. एका सकाळचं काम समजून बसली होती, लागले तीन दिवस. कोणाचं सिम नवऱ्याच्या नावाचं, तर कोणाचा ओटीपी शेतात गेलेल्या दिराच्या फोनवर. मग त्याला बांधावरून हाक मारायची, तो आकडे ओरडून सांगायचा, आणि ते इथे पोचेपर्यंत वेळ संपलेली असायची.

"पासवर्ड काय ठेवायचा, रुखमाबाई? दुसऱ्याला सांगू नका, मनात ठेवा."

"मनात ठेवलं तर मलेच सापडाचं नाई," रुखमाबाई म्हणाली. साठीची बाई, पण जीभ तरणी. प्रवीणचं खातं फोनातून निघालं तशी ती दचकली. "अवं, माझ्या फोनातले गडचांदूरवाले मिश्राजी कुठी गेले?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"नाई."

"मग?"

"पण होते ना!"

समाजमंदिरभर हशा पिकला. प्रेमिलाही हसली, पदर तोंडाला लावून.

चौथ्या दिवसापासून चौदा दिवसांची नवी मोजणी सुरू झाली. बायकांनी ते लगेच समजून घेतलं. सोळा सोमवार करणाऱ्यांना चौदा दिवस काय जड? विहिरीवर एकमेकींना विचारू लागल्या, "उघडलं का वं आज?" पण या वेळी एक गोष्ट वेगळी झाली. मागच्या खेपेला कोणी तक्रारीचा शब्द काढला नव्हता, कारण फोन प्रवीणनं लावून दिला होता आणि ॲप त्याचंच काहीतरी आहे अशी समजूत होती. आता खातं आपलं, तर त्यात दिसणारी चूकही आपल्या हक्काची.

पाचव्या दिवशी रुखमाबाई दारात उभी राहिली, हातात विळा तसाच.

"तुझं यंत्र घंट्याघंट्याले पाणी पी म्हणते. मी बांधीत धान कापून राह्यली. पाणी कुठी हाय तिथी? चुल्लूभर चिखल पिऊ?"

रात्रीचं काम प्रेमिलाला जमत नसे, पहाटे उठून तिनं ते बदललं. आता ॲप सकाळी निघायच्या वेळी एकच गोष्ट विचारत होतं : बाटली भरली का? दुसऱ्या दिवशी बांधावर बाराही बाटल्या दिसल्या, असं मात्र झालं नाही, सात दिसल्या.

अकराव्या दिवशी आचलचं दुखणं उठलं.

पहाटेपासूनच गुडघे धरून बसली होती. उजाडल्यावर श्रीहरीनं शेजारच्याची गाडी आणली आणि तिला गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात नेलं. प्रेमिला सोबत होती. मोजणीचा विचार वाटेत एकदा मनात आला : आचलनं आज ॲप उघडलं नाही तर बाराचे अकरा होतील. तिच्या जागी घ्यावं अशा तेराव्या माणसाजवळ फोनच नव्हता. तो विचार आला याचीच तिला इतकी लाज वाटली की तिनं डोळे मिटून मार्कंडदेवाचं नाव घेतलं आणि आचलचे पाय चोळत राहिली.

दुपारी सलाईननं जरा उतार पडला. आचल म्हणाली, "फोन दे."

"राहू दे. त्याच्यासाठी नको."

"तुझ्यासाठी कोण उघडून राह्यलं? सकाळीच उघडलं मी, घरी, दुखून राह्यलं तवा. फोन लावाचं बटण दाबत होती. दबतच नाई." सुई नसलेला हात तिनं वर धरला. बोटं सुजलेली, थरथरत होती. "बारीक हाय वयनी बटण. तीनदा दाबा लागते. ज्याले दुखत नाई त्यानं बनवलं हाय ते."

प्रेमिलाला कोणीतरी थप्पड मारावी तसं झालं. ती तिथेच, खाटेच्या कडेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळपर्यंत ते बटण अख्ख्या पडद्याएवढं झालं. कुठेही हात पडला तरी फोन लागणार. आचलनं तळहात आपटून पाहिला. उपकेंद्रात संघप्रिया सिस्टरचा फोन वाजला.

"काय झालं?" सिस्टर घाबरून म्हणाली.

"काई नाई. बटण मोठं झालं," आचल म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पंधराव्या दिवशी अर्ज भरायचा होता. त्यात प्रश्न होते : चाचणीची माणसं कशी मिळवली? त्यांनी काय सांगितलं? तुम्ही काय बदललं? प्रेमिला उपकेंद्रात बसून लिहीत होती. सिस्टर खांद्यावरून वाचत होती आणि अर्ध्यावर तिनं हात धरला.

"हे काय लिहून राह्यली? मागच्या वेळची खाती दुकानदारानं बनवली होती, हे?"

"तसंच झालं ना."

"अगं, आपल्या हातानं कबुली! वाचणारं यंत्र असन तर तेवढंच उचलन आन् खातं बंद. जन्माचं. मंग कुठी जाशीन?"

भीती प्रेमिलालाही होती. एकदा खातं गेलं की तिच्या नावानं पुन्हा काही निघणार नव्हतं. तिनं हात सोडवून घेतला, अगदी हळू.

"ताई, त्यांनी विचारलं माणसं कशी मिळवली. मी अर्धंच सांगितलं तर आधीचा नकार बरोबर होता की चूक, हे त्यांना कधी कळणारच नाही. माझ्यामागून येणाऱ्यालाही असाच नकार जाईल."

आणि तिनं लिहिलं. इंग्रजी कुठून उसनं आणलं नाही, येत होतं तेवढंच. आमच्या गावात फोन दुकानदार सुरू करून देतो. एका खात्यावर चार-चार फोन चालतात, म्हणून मागच्या वेळी त्यानं एका दुपारी नऊ खाती काढून दिली. ही फसवणूक नाही, आमच्याकडची रीत आहे, आणि मी ती तपासली नाही ही माझी चूक. तुमची चूक ही, की तुम्ही विचारलं नाही. बारा माणसं तेव्हाही खरी होती. या वेळी प्रत्येकीनं स्वतःचं खातं काढलं. एकीनं सांगितलं, शेतात पाणी नसतं. एकीनं दवाखान्यातून सांगितलं, बटण लहान आहे. दोन्ही बदललं आहे. कंपनीवाल्याला ही बारा माणसं लागत नाहीत. माझ्या मते त्यालाच जास्त लागतात.

"शेवटचं वाक्य काढ," सिस्टर म्हणाली.

प्रेमिलानं ते दोनदा वाचलं, ठेवलं आणि बटण दाबलं.

नऊ दिवस काही आलं नाही. ती रोज दिवा लावायची, जप करायची, मगच झाकण उघडायची. घाईनं आधी उघडावं असं दोनदा वाटलं, नाही उघडलं. दहाव्या दिवशी पत्र आलं. याही खेपेला नाव नव्हतं. आपला अर्ज मंजूर करण्यात येत आहे. आधीच्या नकाराबद्दल एक अक्षर नाही, तिच्या प्रश्नाला उत्तर नाही.

"माफी तरी मागाची," आचल म्हणाली. ती आता अंगणात उन्हाला बसत होती.

"मी त्यांना पुन्हा लिहिणार आहे," प्रेमिला म्हणाली. "मंजूर झालं म्हणून माझं म्हणणं संपलं नाही."

संघप्रिया सिस्टरनं त्या आठवड्यात एकेचाळीस फोनांत 'नेम' टाकलं. प्रेमिलानं बाजारवाल्यांना दुसरं पत्र लिहिलं आणि तेच ॲप बनवणाऱ्यांच्या एका गटावरही टाकलं. पंधरा दिवसांनी तिला एक निरोप आला. गडचांदूरचा कोणी अश्विन होता. सिमेंटच्या कारखान्याबाहेर ट्रकवाले दिवसदिवस रांगेत उभे असतात, त्यांचा नंबर कधी येणार ते सांगणारं ॲप त्यानं केलं होतं. दोनदा नकार आला होता. 'ताई, माणसं विकत कुठून घेतली ते सांगाल का?'

प्रेमिलानं उत्तर लिहायच्या आधी समाजमंदिरात बायकांना विचारलं. धान कापून झालं होतं, सगळ्या मोकळ्या बसल्या होत्या.

"पुन्हा चौदा दिवस?" एकजण म्हणाली. "आन् ट्रकवाल्याचं? आपल्याले ट्रक कुठी चालवाचा हाय?"

"चालवाचा नसला म्हणून काय झालं," रुखमाबाईनं कमरेचा फोन काढून चटईवर ठेवला. "नावं तर ठेवता येते ना? बोलाव त्याले."