लाल उजेड

त्रिवेणीच्या हातातला छोटा दिवा भगवंतरावांनी काढून घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि काउंटरवर आपटला.

"ये नक्को. वो बडी बॅटरी बताओ."

दुकानाचा मालक कुलदीप, चांगला पन्नाशीचा माणूस, लगबगीने फळीकडे वळला. नवरा-बायको हिमायतनगरच्या त्या सहलीच्या सामानाच्या दुकानात शिरल्यापासून तो एकदाही त्रिवेणीशी बोलला नव्हता. खरं तर सहल तिची होती. येत्या शनिवारी शाळेतल्या पाच शिक्षिकांबरोबर ती अनंतगिरीच्या जंगलात जाणार होती आणि दोन झाडांमध्ये कापडी झोळी बांधून रात्रभर त्यात झोपणार होती. हॅमॉक घेऊन झाला होता, आता फक्त दिवा राहिला होता. तेवढ्यासाठी नवरा न बोलावता मागे आला होता.

"हजार ल्यूमेन है सर. पूरा जंगल दिखता."

"मला पूर्ण जंगल बघायचंच नाही," त्रिवेणी म्हणाली. "मला तो लाल उजेडाचा द्या. डोक्यावरच्या दोरीला टांगायचा आहे. त्याला किडे कमी येतात, शेजारणीचे डोळे दिपत नाहीत."

"बॅटरीतलं तुला काय कळतं? साप निघाला म्हणजे?"

"बटण दोनदा दाबलं की पांढरा लागतो. शाळेतल्या बायकांना विचारलंय मी सगळं."

"पैसे देऊन अंधारात झोपायला जायचं! अक्कल गहाण टाकली का तुम्ही सगळ्यांनी?"

त्रिवेणीची कानशिलं तापली. अंधारातच झोपायचं होतं तिला. अंबरपेठच्या घरात एकोणतीस वर्षं रात्रभर ट्यूबलाइट जळत होती, तीही बरोबर पलंगाच्या समोर. चोर येतात, असं भगवंतराव सांगायचे. तिसरा मजला, लोखंडी जाळीचं दार, त्याला हे एवढं कुलूप, आणि चोर म्हणे! नवी नवरी असताना तिने एकदा ट्यूब बंद केली होती, तेव्हा त्यांनी आरडाओरडा करून सगळी बिल्डिंग जागी केली. तेव्हापासून ती डोळ्यांवर पदर घेऊन झोपत आली. आता सासूबाई राहिल्या नव्हत्या, मुलगा पुण्याला होता, आणि शनिवारी या माणसाला एकटं सोडून जायचा तिने पक्का निश्चय केला होता. एक रात्र. एक काळीभोर रात्र तिला हवी होती, आणि तिच्यातही हा हजार ल्यूमेनचा उजेड घालायला निघाला होता.

"तिथं तरी मला झोपू द्या!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. कुलदीप घाईघाईने पुढे आला.

"मॅडम, वो ट्रायल रूम है ना, उसमें जाके देख लेव. अंधेरे में बराबर मालूम पडता."

त्रिवेणीने छोटा दिवा उचलला आणि ती तरातरा आत गेली. मोठी बॅटरी घेऊन भगवंतरावही मागोमाग घुसले, बोलतच होते.

"आत्ता बघ. हा उजेड आणि तुझा तो..."

तिने दार लावलं. काळोख झाला. भगवंतरावांनी बटण दाबलं. खट्. परत दाबलं. खट्. ती नुसती दाखवायला ठेवलेली बॅटरी होती, आत सेल नव्हते.

पुढच्या क्षणी त्यांनी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. त्यांचा तळवा घामाने ओला होता. श्वास तर घराचे तिन्ही मजले पळत चढून आल्यासारखा चालला होता.

"लाव," ते म्हणाले. "लाव ना, त्रिवेणी. लवकर."

हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तिने बटण दाबलं.

लाल उजेडात त्यांचे डोळे गच्च मिटलेले दिसले. मग ते हळूहळू उघडले आणि त्या इवल्याशा दिव्यावर टिकून राहिले. खांदे खाली आले. श्वासही थोड्या वेळाने जागेवर आला. मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही.

तिला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. संतापाने तिचं डोकं भणभणलं. एवढंसं होतं तर! एवढ्याशा उजेडात भागत होतं या माणसाचं. एकदा, फक्त एकदा तोंड उघडलं असतं तर तिने झीरोचा बल्ब लावला असता आणि दोघंही सुखाने झोपली असती. पण नाही. भीती वाटते म्हणण्यापेक्षा बायकोची झोप मोडलेली परवडली.

तिने मनगट सोडवून घेतलं आणि दार उघडलं.

"हाच," तिने कुलदीपला सांगितलं. "दोन द्या."

भगवंतराव रुमालाने कपाळ पुसत बाहेर आले.

"दोन कशाला?"

"एक मी जंगलात नेते."

"आणि दुसरा?"

त्रिवेणीने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"चोरांसाठी," ती म्हणाली. आवाज अजून तापलेलाच होता.

भगवंतरावांनी हातातली मोठी बॅटरी काउंटरवर ठेवून दिली.