आपापलं घर उचलून न्या

मी गाव बोलतेय. दचकू नका, खरं गाव नव्हे. खरं गाव कधी एका सुरात बोलतं का? मी गावाची प्रतिकृती. पुठ्ठा, प्लायवूड, स्पंज आणि सढळ हाताने ओतलेला गोंद, एवढ्यावर माझा संसार. चौघांनी धरून तिरकी केली तर दारातून बाहेर निघेन, इतकीच माझी व्याप्ती. लोक मला 'मॉडेल' म्हणतात आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं.

माझा जन्म एका गॅरेजमध्ये झाला. मला घडवणारा कारागीर हाताने हलका, पण नाकाने नाजूक. एकदा तो शिंकला तेव्हा सगळी बाजारपेठ उडून नदीपलीकडे जाऊन पडली होती. मग त्याने नाकाला रुमाल बांधून मला पूर्ण केलं.

मला बनवायचं कारण असं झालं. नगरपरिषदेने गावाचा विकास आराखडा केला होता. कोणता रस्ता रुंद होणार, कुठे बाग, कुठे घरकुलांच्या इमारती, सगळं त्यात होतं. ज्यांची घरं पाडली जातील त्यांना त्या इमारतींमध्ये घर मिळायचं होतं. आता हे लोकांना दाखवून त्यांचं मत घ्यायचं, तर नकाशा लोकांना समजत नाही, असं नगररचना विभागाच्या साहेबांचं म्हणणं पडलं. "नकाशा हातात दिला की लोक आधी उलटा धरतात," असं ते म्हणत. म्हणून मी आले.

नगरपरिषदेच्या सभागृहात, खिडकीखालच्या टेबलावर मला मांडलं. पुढे पाटी लावली, 'कृपया हात लावू नये'. राखणीला एक शिपाई बसवला. त्याला सगळे मामा म्हणत. महिनाभर लोकांनी मला पाहावं, हरकती आणि सूचना लिहून द्याव्यात आणि शेवटी नगराध्यक्षांसमोर जाहीर सुनावणी व्हावी, असा बेत होता.

त्या महिन्यात मला माणसं कळली. आत आलेला प्रत्येक जण आधी स्वतःचं घर शोधतो. गावाचं भविष्य वगैरे नंतर. आधी आपलं छप्पर. ते जागेवर दिसलं की चेहरा सैल पडतो, आणि मग तो शेजाऱ्याचं शोधायला लागतो. आपल्या घरावरून रस्ता गेला तर अन्याय, शेजाऱ्याच्या घरावरून गेला तर विकास. सूचनाही एकेक नामी. एका गृहस्थांनी लिहिलं, 'मॉडेलमध्ये एकही माणूस दिसत नाही, शांतता वाखाणण्याजोगी आहे, ती तशीच राखावी.'

आणि एक दिवस धाकटी आली.

ही शिवणकाम करणारी बाई, पन्नाशी कधीच ओलांडलेली, गळ्यात मोजपट्टी अडकवूनच बाहेर पडणारी. तिच्या गल्लीत तिला धाकटी म्हणतात, कारण शेजारच्याच घरात तिची थोरली जाऊ राहते. दोघींमध्ये एक सामाईक भिंत आहे आणि त्या भिंतीवरून एक जुनं भांडण आहे. दोघींचे नवरे वारले, भांडण मात्र हयात आहे.

धाकटीने मला एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. लॉंड्री तिला सापडली. लॉंड्रीमागची आपली गल्ली काही सापडेना. तिथे हिरव्या स्पंजची झाडं होती आणि मधोमध एक इवलंसं बाकडं.

"मामा, माझं घर कुठंय हो?"

मामाने यादीत पाहिलं. "लॉंड्रीच्या मागे ना? तिथे मोकळी जागा लिहिलीय. आता बाग होणार."

"मोकळी? अहो, तिथे आमची अख्खी गल्ली राहते!"

मग उलगडा झाला. गावाची मोजणी करणारा माणूस आला तेव्हा लॉंड्रीवाल्याने गल्लीच्या तोंडाशी दोऱ्यांवर चादरी वाळत घातल्या होत्या. ओल्या चादरी बाजूला सारून कोण आत जातो? त्या गड्याने बाहेरूनच लिहिलं, 'मोकळी जागा, कपडे वाळत घालण्यासाठी वापर.' उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की एवढं चालायचंच. पण गल्लीची घरं आराखड्यात नाहीत, म्हणजे बाग करताना ती पडणार आणि घरकुलात मात्र कुणाला खोली मिळणार नाही. न दिसणाऱ्या घराच्या बदल्यात घर कोण देईल?

धाकटीने रीतसर हरकत लिहून दिली. पण ती हरकत अर्ज घेण्याच्या खिडकीवरूनच परत आली. हरकत रहिवाशांचीच घेतात, आणि तुमचा पत्ता आराखड्यात नाही, म्हणून तुम्ही रहिवासी नाही, असं तिला समजावून सांगण्यात आलं. सांगणारा फार सौजन्याने बोलला. बाकावर येऊन बसून तिने तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मला पहिल्यांदा माझ्याच स्पंजच्या झाडांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती बटणांची रिकामी डबी घेऊन. डबीला कात्रीने दार कापलेलं, खिडकीला निळ्या कापडाचा पडदा. तिने माझं एक झाड हलकेच उपटलं आणि त्या जागी डबी ठेवली.

मामाने चष्मा पुसायला काढला. तो पुसण्यात त्याचा बराच वेळ गेला.

बातमी गल्लीत पोचली आणि थोरली तरातरा आली. डबी पाहून तिने कपाळाला हात लावला. "बघा, इथेसुद्धा माझ्या ओट्यावर आली ही!" संध्याकाळच्या आत ती औषधाचं रिकामं खोकं घेऊन हजर. ते तिने डबीला असं खेटून ठेवलं की माझा गोंद कुरकुरला. तिचं घर नगरपरिषदेच्या इमारतीपेक्षाही उंच झालं होतं, पण तिला त्याचं काही नव्हतं.

मग रांगच लागली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने साबणाचं खोकं आणलं. एकट्या राहणाऱ्या मास्तरांनी खोडरबर ठेवलं आणि म्हणाले, "मला एवढी जागा पुरते." कुणी काड्यापेटी आणली, कुणी पावडरच्या डब्याचं झाकण आणून पाण्याची टाकी केली. 'घर पाहावं बांधून' म्हणतात ते उगाच नाही. प्रत्येक जण ठेवून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन बघायचा आणि पुन्हा येऊन जरासं सरळ करायचा. माझी सगळी झाडं गेली. उपटलेली झाडं मामाने आपल्या डब्यात नीट भरून ठेवली.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं. नगराध्यक्षा बाई येऊन बसल्या. साहेबांनी अभिमानाने माझ्याकडे हात केला आणि तो हात तसाच हवेत राहिला.

"हे काय आहे?"

ते बागेतली खोकी उचलायला वाकले, तोच मागून घड्याळवाला म्हणाला, "साहेब, हात लावू नये अशी पाटी आहे."

सभागृहात खसखस पिकली. साहेब सरळ झाले. माणूस वाईट नव्हता हो, फक्त त्याला सगळं जागच्या जागी लागायचं. त्यांनी माईक हातात घेतला.

"ज्यांनी ज्यांनी ही ठेवली आहेत, त्यांनी आपापलं घर उचलून न्यावं."

कुणी जागचं हललं नाही. साहेबांनी बोट केलं. "हे निळ्या पडद्याचं कुणाचं?"

धाकटी उठली. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. "माझं."

"इथे का ठेवलंत?"

"जिथे आहे तिथेच ठेवलंय, साहेब."

"बाई, मोजणीप्रमाणे तिथे घर नाही."

धाकटीला पुढे बोलवेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, संपलं सगळं. पण थोरलीला हे सहन होण्यासारखं नव्हतं.

"नाही कसं?" ती उठून पुढेच आली. "घर नाही तर माझ्या ओट्यावर काय आलंय? हिची भिंत माझ्या हद्दीत वीतभर आत आहे. नवरा होता तेव्हापासून सांगतेय!"

"वीतभर नाही हं जाऊबाई, चार बोटं!" धाकटीचा आवाज एकदम परत आला.

"चार बोटं? कुणाची, हत्तीची?"

"तुमची पन्हळ माझ्या चुलीवर गळते, त्याचं काय?"

"गळणारच! भिंत सरळ बांधली असती तर..."

साहेबांनी आयुष्यात अशा शेकडो तक्रारी ऐकल्या होत्या. अशा वेळी काय म्हणायचं ते त्यांच्या जिभेवर तयार असायचं. डोकं चालायच्या आधी जीभ चालली.

"हे बघा, भिंतीचा वाद हा आजचा विषय नाही. त्यासाठी बांधकाम विभागात वेगळा अर्ज करा. आमचा माणूस घरी येईल आणि भिंत मोजून जाईल."

नगराध्यक्षा बाईंनी मान वर केली. "कुणाच्या घरी, साहेब?"

"यांच्या. या दोघींच्या..." आणि साहेब थांबले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. आधी मास्तर हसले, मग घड्याळवाला, आणि मग साहेबही, कान लाल करून का होईना, हसले.

"लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "लॉंड्रीमागे घरं आहेत, असं आपल्याच अधिकाऱ्यांनी सुनावणीत सांगितलं आहे. माणूस पाठवा. एक भिंत कशाला, सगळी गल्ली मोजून आणा. आणि तेवढ्या चादरी बाजूला करायला सांगा."

माणूस आला, मोजून गेला. आराखडा बदलला. बाग नदीकाठी सरकली आणि गल्लीच्या जागेवर गल्लीसाठीच घरकुलाची इमारत ठरली. कुणाला कुणाचा शेजार हवा, असं विचारलं तेव्हा थोरलीने ठणकावून धाकटीचं नाव सांगितलं. "हिच्यावर लक्ष कोण ठेवणार?" असं तिचं कारण होतं. धाकटी नुसती हसली.

माझं मात्र काम संपलं. नवा आराखडा म्हणजे नवं मॉडेल. ते आता खिडकीखाली आहे, काचेच्या पेटीत. मी कपाटावर. माझा एक रस्ता सुटून लोंबतोय, अंगावर धूळ आहे. गल्लीची खोकी ज्याची त्याने हौसेने परत नेली. मला त्याचं वाईट वाटत नाही. गावं जुनी होतात, तशी मीही झाले.

परवा त्या दोघी नवं मॉडेल बघायला आल्या होत्या. थोरली आता काठी घेऊन चालते. जिना चढताना धाकटीने तिचा दंड धरला होता. काचेला नाक लावून दोघी इमारतीतल्या खिडक्या बघत होत्या.

"ही माझी," धाकटी म्हणाली.

"तुझी ती पलीकडची. ही माझी."

"अहो, तुमची जिन्याच्या बाजूला!"

"मुळीच नाही! मला चांगलं आठवतंय!"

लोक वळून बघायला लागले. मामाने पुन्हा चष्मा काढला. वरून ऐकताना माझा जीव सुखावला. जिथे अजून एक वीटही लागलेली नाही, त्या खिडकीवरून दोघी आत्ताच हमरीतुमरीवर आल्या होत्या.

साहेब, नगराध्यक्षा बाई, मी पुठ्ठ्याची, माझं ऐकणार कोण. तरी एक सूचना लिहून घ्या. आराखडा मंजूर होऊन वर्ष उलटलं. आता पहिली कुदळ मारा. भांडायला एक खरी भिंत लागते, आणि त्या दोघींची वयं काही थांबून राहायची नाहीत.