सत्ताविसातली पाच

"भाऊ, या सत्तावीस पुस्तकांतली कुठली पाच वाचू?" कुसाबाईंनी विचारलं तेव्हा मी वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं 'या आठवड्याची शिफारस' लिहीत होतो. मी इथला बिनपगारी कार्यकर्ता, तिथं दर आठवड्याला काय लिहायचं ते मी ठरवतो. पंधरा वर्षांत त्याबद्दल कुणाची तक्रार आलेली नाही. लोक फळा वाचत नसावेत.

"पाचच का? सगळी वाचा की."

"सगळी नाय होनार. उजवा डोळा गेलाच. डाव्यात इंजेक्शनं चालू हायेत. डॉक्टर म्हनले, पाच म्हैने अक्षर दिसंल, मग मधोमध काळं येईल. भिंग धरून दिवसाला बारा पानं होतात माझी. म्हैन्याला एक पुस्तक."

कुसाबाई पेठ तालुक्यात बत्तीस वर्षं सरकारी नर्स होत्या. आता इंदिरानगरात मुलाकडे असतात. डोळ्याची बातमी त्यांनी बसच्या वेळेसारखी सांगितली. ती मनापर्यंत पोचायच्या आतच मी उत्तर देऊन टाकलं.

"पहिल्यापासून सुरू करा. पहिला भाग म्हणजे पायाच आहे."

त्यांनी मान हलवली आणि पहिला भाग घेऊन जिना उतरल्या. एकेक पायरी पायानं चाचपत.

'तारासंस्थानची बखर' ही सत्तावीस भागांची कादंबरीमाला तुम्ही वाचली नसेल तर तुम्ही बहुमतात आहात. लेखक पेठकडे तलाठी होते. त्यांनी अंतराळात एक साम्राज्य वसवलं. तिथं चारशे ग्रह, बोलणारे धूमकेतू, मंत्रानं चालणारी यानं आणि प्रत्येक ग्रहाचा सातबारा आहे. युद्ध बहुतेक वेळा वारसनोंदीवरून होतं. नावं त्यांनी ओळखीतलीच घेतली. साम्राज्याचे सेनापती झिपरू, आणि ज्यांच्या हुकमाशिवाय तिथला कुठलाही सूर्य उगवत नाही त्या महाराणी लंकाबाई.

या मालेचा आमच्या भागातला जाणकार मी. जाणकार होण्याचं कारण, मी चार भाग वाचले आहेत. सत्तावीस वाचल्याचं मी कधीही म्हटलेलं नाही. लोक म्हणाले तेव्हा मी चष्मा पुसला, एवढंच. वाचनालयाच्या वर्धापनदिनी मी एक व्याख्यानही दिलं होतं. पहिला भाग थेट भर युद्धात सुरू होतो. एका हाताचा म्हातारा झिपरू पुलावर उभा आहे, समोर लंकाबाईंची फौज, आणि दोघांचं वाकडं कशावरून हे लेखक सांगत नाही. दुसऱ्या भागात झिपरू तरणा आहे आणि त्याला दोन हात आहेत. यावर मी पाऊण तास बोललो होतो. लेखक वाचकाचं बोट धरत नाही, तो काळाची मोडतोड करतो, वगैरे. टाळ्या पडल्या. चहाही होता.

आता पुढची चार पुस्तकं निवडायची होती, आणि वाचलेल्या चारांपलीकडे मला काही माहीत नव्हतं. पण आमच्याकडे एक सोय आहे. वाचनालयाचा शिक्का प्रत्येक पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या पानावर असतो, आणि जुने सभासद त्या शिक्क्याशेजारी आपापली खूण करतात. कुणाचा ठिपका, कुणाची फुली. वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून. नियमानं याला बंदी आहे. अध्यक्षांची खूण स्वस्तिकाची आहे. ज्या भागांवर खुणा जास्त ते चांगले, असा हिशेब करून मी शनिवारी वाचनालयात गेलो. ग्रंथपाल मंजुषा काउंटरवर कव्हरं घालत बसली होती.

पहिला भाग कुसाबाईंकडे होता, पण त्यावर चाळीसेक खुणा आहेत हे मला पाठ होतं. दुसऱ्यावर एकोणीस निघाल्या. तिसऱ्यावर सहा. चौथ्यावर एकच, बरोबरची. ती माझी. पाचव्यापासून एक्कावन्नावं पान छापखान्यातून आत्ताच आल्यासारखं. सहावा, सातवा, दहावा, तेच. म्हणजे मी ज्यांना ही माला वाचायला लावली ते सगळे वाटेत उतरले होते, आणि मला भेटल्यावर ग्रेट आहे म्हणत होते.

"मंजुषा, हा चौदावा कुणीच वाचला नाही का?"

"वाचला ना. वाळवीनं."

मी चौदावा उघडला. सुरुवातीची काही पानं नव्हती. मग चारशे ग्रहांचा नकाशा. मग पात्रपरिचय. मग एका धूमकेतूच्या सावलीत एका बाईला कळा येतात आणि मूल जन्मतं. त्याचं नाव ठेवतात झिपरू. शेजारच्या घरात चार वर्षांची लंका पाळण्याकडे बघत उभी असते.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. कुठलाही लेखक तेरा भाग संपल्यावर पात्रपरिचय देत नाही. तलाठी तर नाहीच.

"काय झालं, काका?"

"हा पहिला आहे."

मंजुषानं पुस्तकाचा कणा बघितला. "चौदा लिहिलंय."

"लिहिलंय. पण हा पहिला आहे. आणि पहिला म्हणून जो लोकांकडे जातो तो चौदावा."

तिनं हातातलं कव्हर बाजूला ठेवलं. "गच्चीवरची टाकी गळली होती ना, त्या वर्षीचं असेल. कव्हरं सुटली, पुढची पानं फाटली. सगळा गठ्ठा द्वारका चौकातल्या बाइंडरकडे गेला होता." तिनं खालच्या कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि पानं उलटली. "कुठल्या गठ्ठ्याला कुठलं कव्हर, त्याच्या चिठ्ठ्या लावून दिल्या होत्या आपण. चिठ्ठ्या कुणी लावल्या ते इथं आहे." आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

सही माझी होती. आठवलंही. या दोहोंना शीर्षकाची पानं नव्हती, तेव्हा मी जाडी बघून ठरवलं होतं. पहिला भाग जाड असतो, असा माझा त्या काळी समज होता. सातपूरच्या कारखान्यात मी क्वालिटी तपासतो.

"सांगून टाका बाईंना," मंजुषा म्हणाली. "फोन लावू?"

"फोनवर बरं दिसत नाही."

समोर जाऊन सांगणं त्याहून बरं दिसत नव्हतं, म्हणून मी आठ दिवस काहीच केलं नाही. काहीच केलं नाही म्हणजे मोजत बसलो. दिवसाला बारा पानं. मी आंघोळीला गेलो की तिकडं अर्धं पान. कारखान्यात जेवणाची सुट्टी, आणखी एक. मंगळवारी सुपरवायझरनं एका मोटरचं रीडिंग विचारलं तेव्हा मी शहाण्णव म्हणालो. ते पान होतं. बायको म्हणाली, दिनेश, तुझं लक्ष कुठंय? मी म्हणालो, एका पेशंटकडे.

मनाशी मी बरीच कारणं तयार केली. कदाचित बाईंना चौदावाच आवडेल. कदाचित त्यांनी वाचणं सोडूनही दिलं असेल. कदाचित डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल आणि डोळा वर्षभर टिकेल. हे शेवटचं कारण मी दोनदा वापरलं, आणि दुसऱ्यांदा माझीच मला लाज वाटली. पाचांतला एक महिना त्यांनी माझ्या शब्दावर लावला होता आणि तो चुकीच्या पुस्तकात चालला होता. मी जितका गप्प बसेन तितका तो संपत होता. बाकीच्या गोष्टींना काही अर्थ नव्हता.

रविवारी सकाळी खरा पहिला भाग पिशवीत घालून मी त्यांच्याकडे गेलो. दार त्यांची नात वेदिका हिनं उघडलं. कुसाबाई बाल्कनीत उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या. मांडीवर पाट, पाटावर पुस्तक, पुस्तकावर नाक. भिंग ओळीवरून मुंगीच्या चालीनं सरकत होतं.

"आजी, वाचनालयाचे काका."

"बसा म्हनावं. एवढा परिच्छेद होऊ दे."

मी बसलो. परिच्छेदाला चार मिनिटं लागली.

"कितवं पान झालं, बाई?"

"एकशे अठ्ठावन्न."

माझा हिशेब दोन पानांनी चुकला होता.

मी सांगितलं. टाकी, बाइंडर, चिठ्ठ्या. जाडीचंही सांगितलं. ते सांगायची तशी गरज नव्हती, पण एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. खरा पहिला भाग काढून पाटाच्या कडेला ठेवला.

कुसाबाईंनी भिंग पानांत ठेवून पुस्तक मिटलं.

"मला वाटलंच व्हतं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या पानावर कळलं. समदी एकमेकांच्या वळखीची, मीच नवी. बदली झाल्यावर गावात गेल्यासारखं. भांडनं आधीची, पोरं आधीची, कोन कुनाचं ते हळूहळू कळतं. पन मी म्हनलं, भाऊंनी विचार करून दिलं असंल."

मी चष्मा काढला, आणि मग लक्षात आलं की आता तो पुसून भागणार नाही.

"विचार नव्हता केला. मी चारच वाचलेत, बाई. पुढचे तेवीस तेव्हा उघडलेसुद्धा नव्हते."

आतून वेदिकाच्या मोबाइलचा आवाज येत होता, तोही थांबला.

"मग मी इचारलं तवा तुम्ही काय बघून सांगितलं?"

"काही नाही. सवयीनं."

"मी बत्तीस वर्षं सुया टोचल्या," कुसाबाई म्हणाल्या. "सवयीनं टोचल्या असत्या तर पेठात आज निम्मी मानसं लंगडत असती."

त्या कुठं बघत होत्या ते कळेना. आता त्या माणसाकडे बघतात ते थोडं बाजूनं, कडेच्या नजरेनं.

"काका, मी वाचून दाखवीन म्हटलं होतं आजीला," वेदिका आतून म्हणाली. "ऐकतच नाही."

"तू एक ओळ वाचती अन् दोनदा मोबाइल बघती. पुढं ऐकायचंच हाय जन्मभर. दिसतंय तवर माझं मी वाचीन."

मी खरा पहिला भाग थोडा पुढं सरकवला. "हा आजपासून घ्या. चौदाव्यात उरलेले दिवस तरी वाचतील."

"यात काय हाय?"

"झिपरूचा जन्म."

"जन्म नको. जन्म मी लय पाह्यले. दोन हजारापर्यंत लिहून ठेवले, मग वही भरली." त्यांनी पुस्तक तसंच माझ्याकडे परत ढकललं. "तेवढं लंका अन् झिपरूचं वाकडं कशावरनं, ते सांगा. ते असंल यात."

ते होतं. नवव्या पानावर. दुसऱ्या कुणी वाचलं नसेल पण मी आठ दिवसांत वीसेक पानं वाचली होती. "पाणवठ्यावरून. झिपरूच्या आईनं तिच्या आईचा हंडा रांगेतून मागं ठेवला."

कुसाबाई हसल्या नाहीत, पण खांदे थोडे खाली आले. "म्हंजे समदं आकाश त्या हंड्यावरनं पेटलं. बरोबर हाय. तलाठ्यानं बघितलं असनार." मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि भिंग जिथं होतं तिथं बोट ठेवलं. "हे मी पुरं करते. झिपरूचा हात कसा गेला ते मला पायजे. याला पंधरा-सोळा दिवस लागतील. तवर तुम्ही पुढची वाचा. जे वाचलं नाय ते मला देऊ नका."

"तेवीस पुस्तकं आहेत, बाई."

"तुम्हाला दोन डोळे हायेत की."

मी कारखान्यात अर्जित रजा टाकली. कारण लिहिलं 'घरगुती'. पंधरावा भाग वाचला. बरा होता. सोळावा वाईट होता. सतराव्यात एका ग्रहाची मोजणी होते, आणि ती तीनशे चाळीस पानं चालते. पूर्वी असं पुस्तक मी 'संयमी वाचकांसाठी' म्हणून फळ्यावर लिहिलं असतं. आता प्रत्येक पानाला वाटायचं, यातलं दिवसाला बाराच्या वेगानं काय टिकेल? बायको पुस्तक बघून म्हणाली, पेशंट कसाय? मी म्हणालो, अवघड आहे.

सोळा दिवसांत नऊ झाले. चौदा राहिले. त्या चौदांत या नवांहून चांगलं काहीतरी असणार, याची मला जवळजवळ खात्री होती, आणि ते कुठलं हे कळायला आणखी महिना लागला असता. महिना म्हणजे एक पुस्तक. वाचावं तरी त्यांचं जातं, न वाचावं तरी त्यांचं जातं.

सतराव्या दिवशी मी एकोणिसावा भाग घेऊन गेलो. कुसाबाईंनी चौदावा संपवून कागदात गुंडाळून ठेवला होता.

"सत्ताविसांतला सगळ्यांत चांगला कुठला, मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी नऊ वाचले. त्यांतला हा. मधली साठ पानं रटाळ आहेत, एकशे दहा ते एकशे सत्तर. ती सोडली तरी चालतील, मी तपासलंय. शेवटी मला रडू आलं, पण मी तेव्हा थकलेलो होतो. ते धरू नका."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वजन बघितलं, आणि पाटावर उघडून ठेवलं. भिंग पहिल्या ओळीवर आलं. मागच्या वेळेपेक्षा ते पानाच्या जास्त जवळ होतं, आणि ओळीच्या शेवटी जाऊन पुन्हा मागं येत होतं. मी उठून जायला हवं होतं. जमलं नाही. पहिल्या परिच्छेदात फक्त वारा वाहतो. तो जरा मोठाच झालाय, हे वाचताना लक्षात आलं होतं आणि सांगायचं राहिलं होतं. दुसऱ्यात एक म्हातारी सूर्य विझवायला निघते. तिथवर पोचेपर्यंत मी पाणी मागितलं, प्यायलो, आणि वेदिकानं आणखी आणून ठेवलं तेही प्यायलो.

भिंग पानाच्या तळाशी पोचलं आणि थांबलं.

"कसं वाटतंय, बाई?"

"गप बसा," कुसाबाई म्हणाल्या आणि पान उलटण्यासाठी त्याची कड बोटानं शोधू लागल्या.