चकचकीत खुर्ची

मालकांचे मेहुणे फर्निचरच्या दुकानात मॅनेजर म्हणून आले आणि सोफ्यांचा खप सोडून त्यांनी भलतंच मनावर घेतलं. नोकरांचं इंग्रजी! शटर वर गेलं की आधी शिकवणी.

"फर्निचरला एस लागत नाही. लगेजला नाही. अ‍ॅडव्हाइस कितीही द्या, एस नाही म्हणजे नाही!"

कितीही देण्याच्या बाबतीत सरांचा हात कुणी धरला नसता.

त्यांच्याशी बोलायचं तर इंग्रजीतच, आणि चुकलं की अख्खं वाक्य गिऱ्हाइकांसमोर पुन्हा पुन्हा म्हणायचं. कॅशवरच्या ताई एकदा "इन्फर्मेशन्स" म्हणाल्या आणि चार गिऱ्हाइकं हसली. तेव्हापासून ताई नुसती मान हलवायच्या. हळूहळू सगळेच गप्प झाले. दुकानाला शिस्त लागली म्हणून सर खूश.

आज मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. एक हॉटेलवाला येणार होता. त्याची ऑर्डर मिळाली तर नवी शाखा मेहुण्याची, असं भावजींनी, म्हणजे मालकांनी, बायकोसमोर कबूल केलं होतं. म्हणून सरांनी सकाळीच पॉलिशवाल्या काकांना फर्मावलं होतं, दारातली मोठी खुर्ची आरशासारखी चमकली पाहिजे. काकांनी चमकवली. पाहुणा दुपारी यायचा होता, तो काकांचा ब्रश धुवून व्हायच्या आतच हजर झाला.

कपाटांमागे कुजबुज सुरू झाली.

"अहो, ओली आहे ती! सांगा की सरांना."

"तुम्ही सांगा काका, पॉलिश तुमचं."

"द पॉलिश इज म्हणू की आर?"

"पॉलिश मोजता येतं का?"

"डबे येतात."

"डब्यांचं कोण विचारतंय! ताई, मराठीत सांगून टाका ना."

"परवा सांगितलं होतं. ऐकूच आलं नाही म्हणाले."

सरांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. बिचारे पाहुण्यासमोर बोलायचा सराव करताहेत! त्यांना भरून आलं. त्याच भरात त्यांनी पाहुण्याला खुर्ची दाखवली. "प्लीज, सर."

पाहुणा ऐसपैस बसला. मालक आतून आले, भाव ठरला, हात पुढे झाले. हात मिळवायला पाहुणा उठला, तशी खुर्चीही उठली. मालकांनी खुर्ची ओढली, काकांनी पाहुण्याला ओढलं. टर्रकन आवाज झाला आणि पाहुणा एकटाच मोकळा झाला. पँटचा महत्त्वाचा भाग खुर्चीनं ठेवून घेतला.

"युअर फर्निचर्स आर रबिश!" पाहुणा ओरडला.

माफी मागायला सरांनी तोंड उघडलं. पण जिभेला वळणच वेगळं.

"फर्निचर, सर. नो एस. वन्स मोअर, प्लीज."

पाहुणा फाइल मागे धरून निघून गेला. ऑर्डरही गेली.

"एकानंही सांगितलं नाही मला!" सर नोकरांवर भडकले.

"सर, वाक्य जुळवत होतो," काका म्हणाले.

सर मालकांकडे वळले. "भावजी, पण व्याकरणाच्या दृष्टीनं मी..."

"उद्यापासून गोदामात बस," मालक म्हणाले. "तिथं नुसतं फर्निचर आहे. एस लावत नाही, उलट बोलत नाही."

"आणि नवी शाखा?"

"ताईंना देतोय."

सरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली.