गोड्याच्या आईला दाखवलेलं बाळ

गोड्याचा निकाल लावल्याशिवाय ताईच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या या माणसाची जीभ भलती गोड, म्हणून गल्लीने त्याचं नाव गोड्या ठेवलेलं. पॅकिंगच्या कामात दिवसभर उभं राहून ताईच्या धाकट्या बहिणीची कंबर धरायची. त्याने आधी गोळ्या दिल्या, मग भुकटीच्या पुड्या. दिवस राहिल्यावर धाकटीने भीत भीत विचारलं, तर म्हणाला, "अगं, बाळही शांत झोपेल."

सातव्या महिन्यात ताईला उशीच्या अभ्र्यात पुड्या सापडल्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पुड्या तिने संडासात ओतल्या, धाकटीला खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. धाकटी दोन दिवस कुडकुडली, ओकली, दार बडवत राहिली. तिसऱ्या सकाळी कळा सुरू झाल्या.

मुलगी झाली. दोन महिने आधी, जेमतेम वीतभर. काचेच्या पेटीत ती थरथरायची, दूध ओढता यायचं नाही, आणि रडायची अशी चिरक्या आवाजात की ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पडावीत.

"पोटात असताना हिलाही नशेची सवय लागली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती आता तुटतेय. औषध देऊन हळूहळू उतरवू." मग त्यांनी विचारलं, "एकदम बंद कुणी करायला लावलं? गरोदर बाईचं असं अचानक तोडायचं नसतं. बाळाला झटका बसतो, कळा लवकर येऊ शकतात. आमच्याकडे आणायचं होतं. आम्ही काही फाडून खात नाही."

ताईने ते कानाआड केलं. तिच्या डोळ्यांपुढे फक्त गोड्या होता.

ताई ज्या लाँड्रीत कामाला होती, तिथेच गोड्याची आई मुकादम. 'माझा लेक लाखात एक' हे तिचं पालुपद इस्त्रीवाल्या बायकांना पाठ झालेलं. दुपारच्या सुट्टीत ताई तिला म्हणाली, "मावशी, माझी भाची बघायला चला."

मावशी कौतुकाने आल्या. काचेपाशी मात्र थबकल्या. "एवढी का गं थरथरते?"

"तुमच्या लेकाच्या पुड्यांनी."

"जीभ झडेल तुझी!"

"मग हिच्या आईलाच विचारा. शेजारच्या वॉर्डात आहे."

मावशी गेल्या. दहा मिनिटांनी परतल्या तेव्हा चेहरा पार उतरलेला. आता रडतील, गयावया करतील, असं ताईला वाटलं. तेच बघायला तिने त्यांना आणलं होतं. पण मावशींनी पिशवीतून दुकानाची दुसरी किल्ली काढली.

"पोलिसांना बोलव. मी उघडून देते."

संध्याकाळी दुकानातल्या स्क्रूच्या डब्यांतून पन्नासेक पुड्या निघाल्या. गोड्याला गाडीत कोंबताना तो ओरडत होता, "आई, सांग ना यांना काहीतरी!" मावशींनी पाठ फिरवली. ताईने सगळं डोळे भरून पाहिलं. छातीत कसं गार गार वाटलं.

ती धावतच वॉर्डात गेली. "पकडलं गं त्याला! त्याच्या आईनेच धरून दिला."

धाकटी छताकडे बघत होती. "बरं झालं. आणि तुला कोण धरून देणार?"

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"पोट आवळतंय म्हणून मी ओरडत होते, ताई. तुला ऐकू येत नव्हतं?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "येत होतं," ती म्हणाली. "भोगू दे हिला, असं वाटत होतं मला."

धाकटीने कूस बदलली.

पाच आठवड्यांनी मुलीचं औषध थांबलं. ती बाटलीने दूध पिऊ लागली, थरथर जवळजवळ गेली. पुढची काही वर्षं तपासायला आणायचं, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. धाकटीचे उपचारही चालूच राहणार होते.

घरी निघताना ताईने बाळासाठी हात पुढे केले. धाकटीने त्या हातांत कपड्यांची पिशवी दिली. ताईने ती घेतली आणि दोघींच्या मागून चालू लागली.